नवी पेठेतील सुट्या भागांचे दुकान : छोटी ट्राम आणि विद्युत रेल्वे बांधणाऱ्यांच्या नजरेतून

विजेवर धावणारी छोटी रेल्वे किंवा ट्राम घरी बांधणाऱ्यांसाठी खास असे दुकान सोलापुरात माझ्या पाहण्यात नाही. मात्र नवी पेठेतल्या एका गल्लीत मिक्सर, पंखे आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यांना सुटे भाग पुरवणारे एक जुने दुकान आहे. ते या छंदाची निम्म्याहून अधिक गरज भागवते आणि तेही इतक्या आस्थेने, की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत मोठी सोय मोटरींची आहे. एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातील (खऱ्या गाडीहून ८७ पट लहान) ट्रामची रुंदी जेमतेम २५ मि.मी. भरते आणि तिच्या पोटात १२ व्होल्टची एन-२० नावाची छोटी गिअर मोटर व्यवस्थित बसते. प्रश्न असतो तो फेऱ्यांचा. नऊ मि.मी. व्यासाचे चाक मिनिटाला २०० फेऱ्या फिरले, तर प्रमाणानुसार गाडीचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर होतो आणि तो ट्रामला शोभतो. ५०० फेऱ्यांची मोटर बसवली तर तीच ट्राम एक्स्प्रेससारखी पळते. ऑनलाइन मागवलेल्या मोटरींवर लिहिलेल्या आणि प्रत्यक्षातल्या फेऱ्या जुळतीलच असे नाही. येथे मात्र मालक मोटर बदलत्या व्होल्टेजच्या सप्लायला जोडतात, काटा शून्यापासून हळूहळू वर नेतात आणि ‘आधी इथे चालवून बघा, मग न्या,’ असे म्हणतात. कमी व्होल्टेजवर मोटर अडखळत सुटली, तर न सांगता ती बाजूला ठेवून दुसरी काढतात. गाडी स्थानकातून सावकाश निघावी असे ज्याला वाटते, त्याला या दोन मिनिटांच्या तपासणीचे मोल सांगायला नको.

डोक्यावरच्या तारेसाठी मालक फॉस्फर ब्राँझची अर्धा मि.मी. जाडीची तार मागवून देतात. खऱ्या विद्युत मार्गावरील संपर्क तार सुमारे १२ मि.मी. जाडीची असते; काटेकोर प्रमाण धरले तर आपली तार ०.१४ मि.मी. असायला हवी, पण इतकी बारीक तार पेंटोग्राफच्या (तारेतून वीज घेणाऱ्या, गाडीच्या छतावरच्या सांगाड्याच्या) दाबाखाली फार काळ टिकत नाही. साधी तांब्याची तार मऊ असल्याने एकदा वाकली की वाकडीच राहते. ब्राँझची तार बोटाभोवती वळवून सोडली की पुन्हा सरळ होऊ पाहते आणि तिला सोल्डरही चांगला धरतो. सोल्डर ६०/४० (६० भाग कथिल, ४० भाग शिसे) घ्यावा आणि फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावा म्हणून लावायचा पदार्थ, राळेचाच मागावा. पत्र्याच्या कामाचा ॲसिड फ्लक्स रुळांचे सांधे काही महिन्यांत हिरवे करतो, हे मालक गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतात.

रूळ, चाके, कपलिंग आणि तयार पेंटोग्राफ येथे मिळत नाहीत. हा माल बहुतांशी परदेशातून येतो, आणि खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के व २०२३ मध्ये ७० टक्के झाल्याने तो सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. तरीही या दुकानातली एक साधी वस्तू मला तयार रुळांपेक्षा मोलाची वाटते, ती म्हणजे तांब्याचा थर असलेला ग्लास इपॉक्सी बोर्ड. मालक त्याच्या अरुंद पट्ट्या कापून देतात. त्या स्लीपर म्हणून मांडायच्या आणि सुट्या रुळांच्या पट्ट्या त्यांवर सोल्डर करायच्या. तयार एचओ रुळांतील अंतर १६.५ मि.मी. असते, कोलकात्याच्या १४३५ मि.मी. गेजच्या (रुळांतील अंतराच्या) ट्रामसाठी ते अगदी अचूक आहे. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मि.मी. मात्र या प्रमाणात १९.३ मि.मी. होतात. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाल्यापासून ती गाडी बांधू पाहणारी मुले येथे भेटतात. त्यांनी तयार रूळ घेतले तर गाडी वरून रुंद आणि खाली चिंचोळी दिसणार. बोर्डाच्या पट्ट्यांवर हवे ते अंतर ठेवता येते. (बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेच्या ७६२ मि.मी. गेजची ज्यांना ओढ आहे, त्यांनी एन गेज या आणखी लहान मॉडेलांसाठीचे ९ मि.मी. रूळ घ्यावेत, १:८७ ला ते जवळपास तंतोतंत जुळतात.) प्रत्येक पट्टीवरील तांबे मधोमध कानसीने तोडणे मात्र विसरू नये, नाहीतर त्या तांब्यातून दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जाऊन शॉर्ट होतात.

उणिवाही आहेत. डब्यांवर किमती लिहिलेल्या नसतात, तारांची जाडी मि.मी.ऐवजी तारेच्या गेज क्रमांकात (जाडीच्या ठरावीक क्रमांकात) सांगितली जाते आणि सकाळी दुरुस्ती करणाऱ्यांची गर्दी असल्याने निवांत बोलणे होत नाही. म्हणून जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर सोबत घेऊन दुपारनंतर जावे, आणि ब्राँझची तार हवी असल्यास आधी सांगून ठेवावे, कारण ती नेहमीच्या साठ्यात नसते.