खिडकीतले छोटे ऑर्किड : फॅलेनॉप्सिस, टोलुम्निया की निओफिनेटिया?

छोट्या ऑर्किडला जागा कमी लागते, म्हणून कामही कमी पडेल, असा हिशेब मांडून पुष्कळजण या रोपांकडे वळतात. त्यातला जागेचा भाग खरा आहे, कामाचा नाही. रोप जितके लहान, तितका त्याच्या पानांत आणि मुळांत साठणारा ओलावा कमी. त्यामुळे मोठ्या रोपाला जे दुर्लक्ष सहज पचते, ते तळहातावर मावणाऱ्या रोपाला महागात पडते. म्हणून फुलांची छायाचित्रे थोडी बाजूला ठेवून खिडकीत उजेड किती येतो, हिवाळ्यात रात्री किती थंड असतात आणि पाणी घालण्यात आपला हात सढळ आहे की विसराळू, हे आधी पाहावे.

फॅलेनॉप्सिसचे ठेंगणे संकर बाजारात सर्वांत सहज मिळतात. यांपैकी अनेकांच्या वंशावळीत फिलिपाइन्समधली फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस ही छोटी जात आढळते. त्यांना कडक ऊन नको असते, साधारण १८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि एकदा उमललेली फुले दोन-तीन महिने टिकतात. विसराळू माणसाला हेच रोप त्यातल्या त्यात सोसते. एक खोड मात्र लक्षात ठेवावी. विक्रीच्या रोपांची मुळे बहुधा दाबून भरलेल्या मॉसमध्ये, म्हणजे वाळवलेल्या शेवाळात, असतात; हे मॉस वरून कोरडे लागले तरी आतला गाभा ओलाच राहतो आणि मुळे तिथेच कुजतात. कुंडी पारदर्शक असेल तर अंदाज बांधणे सोपे जाते, कारण मुळांवरचे स्पंजासारखे आवरण कोरडे असताना चंदेरी दिसते आणि भिजताच हिरवे होते. मुळे चंदेरी दिसल्यावरच पाणी द्यावे, आणि ते पानांच्या मधल्या खाचेत साचू देऊ नये.

टोलुम्नियाचा स्वभाव जवळजवळ याच्या उलट आहे. कॅरिबियन बेटांवर ती झुडपांच्या बारीक फांद्यांवर वाढते, जिथे पावसाने मुळे चिंब होतात आणि वाऱ्याने थोड्याच वेळात सुकतात. घरातही तिला हेच लागते : भरपूर उजेड, खेळती हवा, वारंवार पाणी, पण रात्र पडण्याआधी पूर्ण सुकलेली मुळे. त्यामुळे मॉसने भरलेल्या कुंडीपेक्षा लहानशी मातीची कुंडी किंवा बुचाच्या सालीचा तुकडा तिला अधिक मानवतो. रोज सकाळी झाडांकडे फेरी मारणाऱ्याने फॅलेनॉप्सिसपेक्षा हीच घ्यावी, असे मी म्हणेन, कारण त्याच्या हौसेने फॅलेनॉप्सिस कुजेल, तर टोलुम्निया फोफावेल. फुले गळली तरी फुलदांडा हिरवा असेपर्यंत कापू नये; त्याच्या पेरांतून पुन्हा कळ्या येऊ शकतात.

निओफिनेटिया फाल्काटा, जिला आता वनस्पतिशास्त्रज्ञ व्हँडा प्रजातीत गणतात, ही जपान, कोरिया आणि चीनमधली. जपानमध्ये एदो काळापासून (१६०३ ते १८६८) तिचे संग्राहक आहेत आणि त्यांचा जीव फुलांइतकाच पानांवरच्या पट्ट्यांत गुंतलेला असतो, हे या रोपाचे वेगळेपण. उन्हाळ्यातली पांढरी, लांब शेपटीची फुले रात्री दरवळतात. या गंधापुढे बाकी दोघींचे रंग मला फिके वाटतात. उन्हाळ्याची उष्णता ती बऱ्यापैकी सोसते, पण हिवाळ्यात तिला सुमारे १० अंशांच्या आसपासचा गारवा आणि जेमतेम पाणी अशी विश्रांती हवी असते. वर्षभर उबदार राहणाऱ्या खोलीत ती जगेल, मात्र फुलांच्या बाबतीत कंजुषी करण्याची शक्यता मोठी. शिवाय वाढ संथ, तेव्हा घाई असलेल्याने या वाटेला जाऊ नये.

मासदेवालिया या आणखी एका छोट्या ऑर्किडच्या भडक त्रिकोणी फुलांना भुलून ती घेण्याचा मोह अनेकांना होतो. ती बहुतांशी अँडीजमधल्या धुक्याच्या जंगलांतली, आणि पाणी साठवणारे फुगीर खोड तिला नाही. जिथे उन्हाळ्यातल्या रात्रीही उकाड्यात जातात, तिथे थंडावा देणारी काचपेटी उभारण्याची तयारी नसेल, तर तिचा विचार सोडून द्यावा.

कोणतेही रोप घेताना बहर पाहण्याआधी मुळे पाहावीत : बोटाने दाबल्यावर टणक लागणारी दोन-चार जाड मुळे आणि हिरवे टोक असलेले एखादे नवे मूळ दिसले, तर फुले नसलेले रोपही खुशाल घ्यावे.