संसदेचं डिजिटल ग्रंथालय: सहावी लोकसभा वाचायला कितपत कामाचं?

फुकट आहे, लॉगिनची कटकट नाही आणि लोकसभेत १९७७ ते १९७९ या काळात कोण काय बोललं ते मुंबईत घरबसल्या वाचता येतं. एवढ्यावरच पाचपैकी पाच द्यावेत अशी ही सेवा आहे. दीड गुण कापावा लागतो तो शोधखिडकीपायी. तिच्या भरवशावर राहिलात तर अर्ध्या तासात वैतागून बाहेर पडाल. तारीख हातात घेऊन आलात तर मात्र हेच ग्रंथालय सोन्याची खाण आहे.

परीक्षणासाठी सहावी लोकसभा घेतली, कारण दिल्लीत पहिल्यांदा सत्तापालट होऊन काँग्रेसच्या जागी जनता पक्ष आला तो तिच्यामुळे. शिवाय तिचं आयुष्य जेमतेम २९ महिन्यांचं: २३ मार्च १९७७ ला गठन, २२ ऑगस्ट १९७९ ला विसर्जन. तेवढ्यात मोरारजी देसाई आणि चरणसिंग असे दोन पंतप्रधान झाले, नीलम संजीव रेड्डी आणि के. एस. हेगडे असे दोन अध्यक्ष झाले, आणि विरोधी पक्षनेतेपद तर तीन वेळा हात बदलून गेलं. यशवंतराव चव्हाण, मग एप्रिल १९७८ पासून सी. एम. स्टीफन, जुलै १९७९ मध्ये पुन्हा यशवंतराव, आणि शेवटी जगजीवनराम. कोणत्याही अभिलेखागाराचा कस लागावा असाच हा काळ आहे.

आधी मांडणी समजून घ्या. लोकसभेच्या चर्चांचे दोन भाग केलेले आहेत: प्रश्नोत्तरं एकीकडे आणि उरलेलं सगळं, म्हणजे विधेयकं, प्रस्ताव, अर्थसंकल्प, स्थगन सूचना, दुसरीकडे. समित्यांचे अहवाल, राष्ट्रपतींची अभिभाषणं आणि अर्थसंकल्पीय भाषणं यांची दालनं स्वतंत्र आहेत. चर्चेची नोंद विषयवार असली तरी ती उघडल्यावर बहुतेक वेळा त्या दिवसाचं अख्खं कामकाज एकाच पीडीएफमध्ये समोर येतं. शेकडो पानांची स्कॅन केलेली फाइल असते ती. लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर उघडायचा प्रकार नव्हे. वायफायवर उतरवून घ्या आणि लॅपटॉपवर वाचा. फाइलच्या नावात लोकसभेचा क्रमांक, अधिवेशनाचा क्रमांक आणि तारीख याच क्रमानं असतात, त्यामुळे नाव बदलू नका. वीस फाइली साठल्या की त्या नावाचाच आधार वाटतो.

आता शोधखिडकीकडे. मराठीत काही टाकून उपयोग नाही. इंग्रजीत टाकायचं तर स्पेलिंग त्या काळचं हवं. ‘मुंबई’ टाकलंत तर या लोकसभेपुरतं फारसं काही हाती लागणार नाही, कारण मतदारसंघाचं नाव तेव्हा ‘बॉम्बे’ होतं. सदस्यांची नावं आडनाव आधी अशा पद्धतीनं लावलेली आहेत. रांगणेकर, दंडवते ही आडनावं इंग्रजीत दोन-तीन तऱ्हेनं लिहिली जातात, आणि नुसतं ‘कांबळे’ टाकलं तर वेगवेगळ्या लोकसभांतले कांबळे एकत्र येऊन उभे राहतात. म्हणून आधी लोकसभा क्रमांक ६ ही चाळणी लावायची, मग सदस्यांची यादी उघडून त्यातून नाव निवडायचं. टंकण्यापेक्षा निवडणं बरं.

या यादीतून मुंबईकरांनी सुरुवातीला सहा नावं काढावीत: रतनसिंह राजदा (दक्षिण), बी. सी. कांबळे (दक्षिण मध्य), अहिल्या रांगणेकर (उत्तर मध्य), राम जेठमलानी (वायव्य), सुब्रमण्यम स्वामी (ईशान्य) आणि मृणाल गोरे (उत्तर). शहरातल्या सहाही जागा काँग्रेसच्या विरोधात गेल्या होत्या. एकाच लाटेवर निवडून आलेली ही माणसं, पण जनता पक्षाच्या बाकांवरचा समाजवादी, जनसंघातून आलेला आणि वकिली बाण्याचा माणूस एकाच विषयावर किती वेगळं बोलतो हे सलग वाचल्याशिवाय कळत नाही. अहिल्याताई तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या. राजापूरचे मधू दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंची फोम आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं, तेव्हा रेल्वे अर्थसंकल्पावरच्या चर्चाही यादीत घालाच.

तारखांनी जायचं म्हणजे काय? पहिली बैठक २५ मार्च १९७७. अर्थमंत्री एच. एम. पटेलांचं अंतरिम अर्थसंकल्पाचं भाषण २८ मार्चचं, सुमारे आठशे शब्दांचं; इतकं आटोपशीर की चहा निवायच्या आत वाचून होतं. इंदिरा गांधींचं सदस्यत्व रद्द करून त्यांना अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगात पाठवण्याचा ठराव १९ डिसेंबर १९७८ चा. मोरारजी सरकारवरचा यशवंतरावांचा अविश्वास प्रस्ताव ११ जुलै १९७९ चा. या चार तारखांनी सुरुवात केली की पुढचे धागे आपोआप सापडतात.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते घटनादुरुस्तीवर. ४४वी घटनादुरुस्ती म्हणून आपण जी ओळखतो ती, म्हणजे आणीबाणीच्या तरतुदीतली ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र बंड’ घालणारी, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढणारी आणि लोकसभेची मुदत सहावरून पुन्हा पाच वर्षांवर आणणारी. ती सभागृहात आली ४५वं घटनादुरुस्ती विधेयक, १९७८ या नावानं. ‘४४वं विधेयक’ शोधलंत तर थेट १९७६ सालात, आणीबाणीत जाऊन पडाल, कारण तेव्हाच्या ४४व्या विधेयकाचा पुढे ४२वा दुरुस्ती कायदा झाला. म्हणजे जिचं निराकरण करायचं होतं तीच दुरुस्ती तुमच्या हातात येते! विधेयकाचा क्रमांक आणि कायद्याचा क्रमांक वेगळे असू शकतात ही सूचना संकेतस्थळावर ठळक असायला हवी होती. लोकसभेनं ते विधेयक २३ ऑगस्ट १९७८ ला मंजूर केलं, राज्यसभेनं त्यातली पाच कलमं उडवली, आणि तो बदल लोकसभेनं ७ डिसेंबरला मान्य केला. मधली राज्यसभेतली चर्चा मात्र इथे लोकसभेच्या खंडात मिळणार नाही. त्यासाठी राज्यसभेच्या चर्चांचं वेगळं संकेतस्थळ उघडावं लागतं.

या लोकसभेच्या बाबतीत हे राज्यसभा प्रकरण टाळून चालतच नाही. जनता पक्षाकडे वरच्या सभागृहात बहुमत नव्हतं, म्हणून बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक डिसेंबर १९७७ मध्ये राज्यसभेत आपटलं आणि १६ मे १९७८ ला दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलवावी लागली. एकाच विधेयकासाठी तीन ठिकाणी हिंडायचं म्हणजे कंटाळा येतो, पण सत्ता बदलली तरी कारभाराला कुठे खीळ बसत होती ते त्याशिवाय दिसत नाही.

जे नाही ते शोधत बसू नका. चरणसिंग सरकारवरच्या विश्वासदर्शक ठरावाची चर्चा इथे नाही, कारण ती कधी झालीच नाही. २० ऑगस्ट १९७९ ला सभागृहाला सामोरं जाण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. यशवंतरावांच्या प्रस्तावावरचं मतदानही नाही, कारण मोरारजींनी १५ जुलैला राजीनामा दिल्यानं चर्चा अर्धवट राहिली. मतापर्यंत गेलेला अविश्वास प्रस्ताव हवा असेल तर मे १९७८ मधला स्टीफन यांचा पाहा; तो आवाजी मतदानानं फेटाळला गेला. आणि शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारसाठी इकडे फिरकूच नका; जुलै १९७८ चा तो खेळ विधानसभेतला, त्याची कागदपत्रं महाराष्ट्र विधानमंडळाकडे.

आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालांबाबतही असाच भ्रमनिरास होतो. चर्चेच्या खंडात ‘पटलावर ठेवला’, म्हणजे सभागृहापुढे सादर केला, एवढीच ओळ आणि चौकटी कंसात ग्रंथालयाचा ‘एलटी’ क्रमांक असतो. अहवाल त्या पीडीएफमध्ये नसतो. तो क्रमांक मात्र टिपून ठेवा. मूळ कागद मागायचा झाला तर तोच विचारला जातो. इंदिरा गांधींच्या हकालपट्टीमागचा विशेषाधिकार समितीचा अहवालही समित्यांच्या दालनात सापडतो, चर्चेत नाही. आणि तो ठराव रद्दबातल करणारा ठराव तर सातव्या लोकसभेत, मे १९८१ मध्ये आहे, म्हणजे चाळणीतला ६ काढून ७ घालावा लागतो.

प्रत्यक्ष पानं वाचताना काही खुणा माहीत असाव्यात. प्रश्नाच्या क्रमांकाआधी तारा असेल तर तो तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा. सदस्याच्या नावावर अधिकचं चिन्ह असेल तर तो प्रश्न सभागृहात त्याच सदस्यानं विचारला. भाषणाच्या मध्येच चांदण्या दिसल्या तर ते शब्द अध्यक्षांच्या आदेशानं कामकाजातून काढलेले आहेत. पुढे कितीही शोधलंत तरी ते मिळायचे नाहीत. पानाच्या माथ्यावर एका बाजूला इंग्रजी तारीख आणि दुसऱ्या बाजूला शक वर्षातली तारीख असते. १९ डिसेंबर १९७८ तिथे ‘अग्रहायण २८, १९००’ म्हणून येतो. अग्रहायण म्हणजे आपला मार्गशीर्ष, पण हा राष्ट्रीय पंचांगाचा महिना आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथीशी जुळवायला जाऊ नका.

या काळात हिंदी भाषणं इंग्रजी पानांच्या मध्येच देवनागरीत छापलेली आहेत. वाजपेयी किंवा राजनारायण मुळातून वाचायला मिळतात ही मराठी वाचकाची चैन. अडचण अशी की जुन्या छपाईतली देवनागरी संगणकाला धड ओळखता येत नाही. फाइलमध्ये शब्द शोधला तर इंग्रजी भाषणं सापडतात आणि हिंदी निसटतात. ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘बोलले नाहीत’ असा निष्कर्ष काढून प्रबंध लिहिणारे आहेत, त्यांनी जरा जपून. हिंदी भाषणं डोळ्यांनीच चाळावी लागतात.

संदर्भ देताना पीडीएफचा पानक्रमांक देऊ नका. छापील पानावर दोन स्तंभ असतात आणि क्रमांक स्तंभांना असतो. तारीख आणि स्तंभ क्रमांक एवढा दिला की कोणत्याही प्रतीत ती जागा सापडते.

आणखी एक उणीव, पण तिला ग्रंथालय जबाबदार नाही. जुलै १९७९ मधल्या बऱ्याच घडामोडी सभागृहाबाहेर झाल्या: कोण कोणत्या गटात गेला, कोणी कधी राजीनामा पाठवला, राष्ट्रपतींनी कोणाला बोलावलं. इतिवृत्तात त्याचा मागमूस नाही. ते दिवस भरून काढायला त्या महिन्यातली वर्तमानपत्रंच हवीत, आणि त्यासाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा फोर्टातलं टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय गाठा. जाण्यापूर्वी फोन करून जुने अंक पाहायला मिळतील का, सभासदत्व किंवा ओळखपत्र लागेल का आणि फोटो काढू देतात का, हे तेवढं विचारून घ्या.