सहीचं टोकन: एका जुन्या सिग्नलवाल्याचा अभिप्राय

डिचोलीत आमचं छोटं कंत्राटाचं काम आहे. पंचायतीची गटारं, संरक्षक भिंती, शाळेची डागडुजी. सरकारी निविदा ऑनलाइन भरायची तर क्लास थ्री डिजिटल सही लागते आणि ती यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या बारक्या वस्तूत, मिळते. म्हापशातल्या एका दुकानातून मी ते घेतलं: दोन वर्षांची मुदत, सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही, ३,२०० रुपये. सव्वा वर्ष वापरल्यावर लिहितो आहे. टोकनला पाचपैकी साडेचार, दुकानाला दोन.

आधी टोकन. करंगळीएवढं आहे, पण आतली चिप भक्कम. सहीची गुप्त चावी, म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा, त्या चिपमध्येच तयार होते आणि बाहेर काढता येत नाही. निविदेचा कागद टोकनमध्ये जात नाही. जातो तो त्या कागदाचा गणिती ठसा. त्यावर आत सही होते आणि फक्त सही बाहेर येते. पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की टोकन कुलूपबंद होतं. पावसाळ्यात टोकाच्या पट्ट्यांवर काळसर थर चढतो आणि लॅपटॉप ते ओळखत नाही. खोडरबराने हलकेच पुसलं की चालतं.

मी फौजेत सिग्नल्सला, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या शाखेत, होतो, पणजीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये घडलो. आमच्याकडे काय होतं ते मी घरीही बोललो नाही, इथेही बोलणार नाही. पण अमेरिकन फौजेची चाव्या भरण्याची जुनी यंत्रं आता जगजाहीर आहेत आणि टोकनची पारख मी त्यांच्यावरूनच करतो. गुप्त बोलणाऱ्या दोन रेडिओंमध्ये एकच चावी असावी लागते, नाहीतर पलीकडे नुसती खरखर ऐकू येते. ती चावी रेडिओपर्यंत न्यायची कशी, हा सगळा प्रश्न. केओआय-१८ या यंत्रातून भोकं पाडलेली कागदी पट्टी हाताने ओढायची. यंत्र ती वाचून चावी रेडिओत भरायचं, स्वतःजवळ काही ठेवायचं नाही. पुढचं केवायके-१३ मुठीत मावेल एवढं. त्यात सहा चाव्या राहत. दोन फिरवायचे खटके, एक बटण, सहा पिनांचा जोड, मिणमिणणारा बारका दिवा, बस्स. रेडिओला जोडा, चावी भरा, काढून घ्या. शत्रू जवळ आला तर त्याच खटक्यांनी सगळं पुसून टाकायची सोय.

पुढे १९९० च्या दशकात सीवायझेड-१० आलं, मग विंडोज सीईवर चालणारं, पडद्याचं पीवायक्यू-१०. त्यांत पुष्कळ जास्त मावतं. तरी माझं मत केवायके-१३ लाच. अंधारात, हातमोजे घालून, घाबरलेल्या पोरालाही चालवता येईल अशी वस्तू करणं फार कठीण असतं. त्या मानाने टोकनमध्ये एक उणीव आहे. हरवलं तर ते पुसायचा खटका माझ्या हातात नाही. सहीचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे अर्ज करून ते रद्द करून घ्यावं लागतं. अर्धा गुण तिथे गेला.

आता दुकान. व्हिडिओ पडताळणी त्यांनी नीट करून दिली, लॅपटॉपवर ड्रायव्हर घालून दिला, जास्तीचा पैसा मागितला नाही. दोन गुण त्याचे. पण निघताना काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, टोकन हांगाच दवरा, दर फावट हाडूंक नाका." (इथेच ठेवा, दर वेळी आणू नका.) आणि त्याने ड्रॉवर उघडून दाखवला. आत वीस-पंचवीस टोकनं होती. प्रत्येकावर कागदी पट्टी, पट्टीवर नाव आणि खाली पासवर्ड. मुलगा सज्जन आहे, मदत म्हणूनच सांगत होता. माझ्या मात्र पोटात खड्डा पडला.

मला जॉन वॉकर आठवला, अमेरिकन नौदलातला वॉरंट ऑफिसर. सुमारे सतरा वर्षं तो चाव्यांचे कागद सोव्हिएत युनियनला विकत राहिला, १९८५ मध्ये पकडला गेला. त्याला यंत्र फोडावं लागलं नाही. चाव्या सांभाळण्याचं कामच त्याच्याकडे होतं, त्याने कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढले. ड्रॉवरमधली चिपसुद्धा तशीच: चावी बाहेर पडत नाही हे खरं, पण टोकन आणि पासवर्ड दोन्ही ज्याच्या हाती, तो माझ्या नावाने कुठल्याही कागदावर सही करू शकतो, आणि कायद्याने ती माझीच धरली जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ सांगतं की खासगी चावी आपल्या ताब्यात राहील याची काळजी सहीच्या धन्याने घ्यायची आणि ती फुटली तर लगेच कळवायचं.

मी टोकन खिशात घालून घरी आणलं. ते कपाटात पत्र्याच्या डब्यात असतं, पासवर्ड मला आणि बायकोला तोंडपाठ आहे. दुकानाच्या मालकांशी दोनदा बोललो. "सगळेच ठेवतात," एवढंच उत्तर मिळालं.

गेल्या आठवड्यात वाळपईच्या एका कंत्राटदार मित्राला घेऊन पुन्हा तिथे गेलो. त्याचं टोकन ड्रॉवरात सापडायला वीस मिनिटं लागली, दुसऱ्याच नावाच्या पट्टीखाली होतं. तिथेच बाकावर बसून माझ्या लॅपटॉपवर त्याने पासवर्ड बदलला, पट्टी फाडली आणि टोकन शर्टाच्या खिशात घातलं.