चौघांचा गट की शेजारची जोडी?

गणित हाताने शिकवावे आणि मुलांनी ते एकमेकांच्या मदतीने शिकावे, याबद्दल पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या शिक्षकांत आता फारसा वाद उरलेला नाही. अडते ते त्यापुढच्या अगदी साध्या प्रश्नावर, की मुलांना बसवायचे कसे. चौघाचौघांचा गोल करून मध्ये काड्यांचा ढीग ठेवायचा, की दोघादोघांना खांद्याला खांदा लावून एकाच बसकरपट्टीवर बसवायचे? जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग सांभाळताना मी पहिली काही वर्षे गोल केले, मग जोड्या केल्या, मधल्या एका वर्षी दोन्ही आलटून पालटून केले. पुढे जे लिहितो आहे त्याला मोजमापाचा आधार नाही. पटावर २६ आणि हजर साधारण २४ अशा एका वर्गाचा अनुभव एवढेच त्याचे बळ आहे. आपल्या वर्गात वेगळे घडत असेल, तर आपल्या वर्गाचेच ऐकावे.

चौघांच्या गटाची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत मुळीच नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटातील, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या, शाळांच्या कृतीतून शिकवण्याचा बोलबाला झाला आणि २०१५ मध्ये राज्य शासनाचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात अनेक शाळांच्या फरशा रंगवल्या गेल्या. कुठे गोल, कुठे चौकटी, कुठे संख्यारेषा आखून घेतल्या. मुले फळ्याकडे पाठ करून एकमेकांकडे तोंड करून बसू लागली, आणि वर्षानुवर्षे पुढच्या मुलाच्या डोक्याची मागची बाजू पाहत बसलेल्या वर्गासाठी हा बदल मोठा होता. मीही त्याच ओघात फरशीवर तैलरंगाचे सहा गोल काढून घेतले होते. ते अजून आहेत, थोडे झिजले आहेत.

गोलाचे फायदे व्यवहारी आहेत. २४ मुलांचे सहा गट होतात, त्यामुळे काड्यांचे सहाच संच पुरतात आणि फिरताना सहा ठिकाणी वाकावे लागते. एखादे मूल गैरहजर राहिले तरी गट मोडत नाही. दोघांची कट्टी झाली तर उरलेले दोघे बट्टी करून देतात, आणि हे काम माझ्यापेक्षा ती मुले फार लवकर करतात. शांत मुलाला ऐकत राहण्याची मुभा मिळते. बोलणेही भरपूर होते. सगळे गणिताचे असते असे नाही, पण होते.

जोडीची बाजू थोडक्यात सांगता येते. तिथे कोणाचेही हात रिकामे राहत नाहीत. दहा काड्यांचा गठ्ठा बांधून पाहिला की हे लक्षात येते. सात वर्षांच्या मुलाची मूठ दहा काड्या जेमतेम धरू शकते, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने रबर चढवणे त्याला जमत नाही. एकाने धरायचे आणि दुसऱ्याने चढवायचे, असे ते काम मुळातच दोघांचे आहे. गोलात हेच काम दोघे करतात, तिसरा सूचना देतो आणि चौथ्याकडे बहुधा डबा सांभाळण्याचे खाते येते. महिनाभर पाहिले तर ते खाते त्याच त्या मुलाकडे असते.

तरीही केवळ यासाठी मी गोल सोडला नसता. डबा सांभाळणाऱ्याची पाळी बदलता येते, आणि मी ती बदलत होतो. माझे मत फिरले ते एका वेगळ्याच कटकटीने, आणि ती माझ्या ध्यानात यायला, सांगायला संकोच वाटतो, तीन वर्षे लागली.

जुलैचे दिवस होते. त्रेपन्न दाखवा, असे मी सांगितले होते. एका गटातल्या मुलाने पाच गठ्ठे आपल्या डावीकडे आणि तीन सुट्या काड्या उजवीकडे अगदी नीट मांडल्या. मी सगळ्यांना ती संख्या पाटीवर लिहायला सांगितली. त्याच्या बरोबर समोर बसलेल्या मुलीने ३५ लिहिले. मी चूक दाखवली, तिने पुसून पुन्हा ३५ लिहिले. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण ती रडवेली झाली आणि म्हणाली, “गुरुजी, इकडनं बघा ना.” मी तिच्या बाजूला जाऊन गुडघे टेकून बसलो. तिच्या बाजूने सुट्या तीन काड्या डावीकडे होत्या आणि पाच गठ्ठे उजवीकडे. डावीकडून उजवीकडे तिला जे दिसले ते तिने प्रामाणिकपणे लिहिले होते. कडेच्या दोघांना तर गठ्ठे वर आणि काड्या खाली, किंवा त्याच्या उलट दिसत होते. एकाच मांडणीची चार वेगवेगळी चित्रे चौघे पाहत होते, आणि मी मात्र नेहमी फळ्याच्या बाजूने फिरत असल्यामुळे मला त्यातले एकच दिसत होते.

यावर एक रास्त आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःही घेतला होता. गठ्ठा कोणत्याही बाजूने पाहिला तरी गठ्ठाच असतो. पाच दशक आणि तीन सुटे हे डावे-उजवे पाहून बदलत नाही. किंबहुना हेच मुलाला कळायला हवे. हे सगळे खरे आहे. काड्यांची संख्या बाजूवर अवलंबून नसते, पण तिचे लेखन सर्वस्वी बाजूवर अवलंबून असते, आणि दुसरीच्या जुलैत मूल नेमके या दोहोंच्या मधल्या पुलावर उभे असते. चौथीच्या वर्गात समोरासमोरची ही गफलत चर्चेला चांगला विषय ठरेल. दुसरीत ती पुलाची फळी काढून घेते, असे माझे मत झाले.

त्यात आपली मराठी भर घालते. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा त्यावर पुष्कळ गदारोळ झाला आणि विनोदही झाले, पण त्यामागची अडचण खोटी नव्हती. जोडाक्षरांनी भरलेली ही संख्यानामे आणि त्यांचा उलटा क्रम मुलाला खरोखरच चकवतो. कन्नडमध्ये ‘ऐवत्तमूरु’ म्हणजे सरळ पन्नास-तीन. सीमेलगतच्या एका शाळेत असताना कन्नड बोलणाऱ्या घरांतली मुले ही चूक कमी करतात, असे मला वाटत असे. मोजून पाहिले नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या कानाने तीन आधी ऐकले होते आणि डोळ्यानेही तीन आधी पाहिले होते. मग तिने ३५ लिहिले यात नवल ते काय?

अंकपत्त्यांची गोष्ट आणखी वेगळी. गोलाच्या मध्ये ठेवलेला ३ समोरच्या मुलाला उलटा दिसतो, आणि उलटा ३ नवशिक्या डोळ्याला ६ वाटू शकतो. या दोन अंकांचे एकमेकांशी किती पटते हे आपल्या भाषेने कधीच सांगून ठेवले आहे. चौघांचा गोल करून मी तो छत्तीसचा आकडा माझ्या वर्गात रोज मांडत होतो.

लगेच जोड्यांकडे वळलो असे नाही. आधी गोल वाचवण्याचे उपाय केले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर ‘दशक’ आणि ‘एकक’ असे दोन रकाने आखून तो कागद मध्ये ठेवला. समोरच्यांना अक्षरेही उलटी दिसू लागली. मग प्रत्येकाच्या पाळीला कागद त्याच्याकडे फिरवायचा असे ठरवले. फिरवताना काड्या घरंगळू लागल्या. शेवटी चौघांनाही एकाच बाजूला ओळीने बसवले. हा उपाय चांगला होता, फक्त टोकाच्या दोघांचा हात मधल्या काड्यांपर्यंत पोहोचेना. दोन-तीन दिवसांत त्यांनी ढीग आपणच दोन भागांत वाटून घेतला आणि मधोमध अंतर सोडून दोघे-दोघे बसले. जोडी करण्याचा निर्णय माझा, असे मी म्हणतो खरे, पण तो मुलांनी घेऊन टाकला होता.

शेजारी बसलेल्या दोघांना डावे ते डावे आणि उजवे ते उजवेच दिसते. एकाने मांडलेले दुसरा वाचू शकतो, आणि लिहिलेले तपासूही शकतो. खरा फरक मला वजाबाकीत जाणवला. ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-लेखन व गणितासाठीच्या केंद्राच्या अभियानाची लक्ष्ये दुसरीकडून ९९९ पर्यंतच्या संख्यांचे वाचन-लेखन आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी अपेक्षितात, आणि ५३ मधून २७ काढायचे म्हणजे कोणीतरी एक गठ्ठा सोडायलाच हवा. बांधलेला गठ्ठा सोडायला मुले नाखूश असतात. मेहनतीने बांधलेला असतो. गोलात हा वाद चौघांत रंगतो आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते. जोडीत मी एवढाच नियम ठेवला, की एकाने बांधलेला गठ्ठा दुसऱ्याने सोडायचा आणि सोडताना मोठ्याने सांगायचे, “पाच दशकांतला एक सोडला, आता चार दशक, तेरा सुटे.” शेजारचा ते ऐकत काड्या मोजतो. ‘हातचा’ आणि ‘उसना’ हे शब्द नंतर आले तेव्हा त्यांना हाताची ओळख आधीच झालेली होती.

जोडीचे दोषही सांगायला हवेत, आणि ते थोडे नाहीत. पहिला गैरहजेरीचा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे ज्या गावात आहेत, तिथे दिवाळीनंतर जोड्या भराभर मोडतात, आणि एकटे उरलेले मूल रोज नव्याने कुठेतरी चिकटवावे लागते. मी तिघांचा गट करतो, पण तिसरा बाजूला पडतो हे मला दिसत असते. दुसरा दोष दांडगाईचा. चौघांत दांडगट मुलाला तिघे आवरतात, दोघांत त्याला आवरणारे कोणी नसते. त्यामुळे दर सोमवारी जोड्या बदलाव्या लागतात, आणि बदलल्या की पहिला दिवस रुसव्यात जातो. तिसरे म्हणजे साहित्य दुप्पट लागते आणि फेऱ्याही दुप्पट होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणाने ३० मुले धरली तरी पंधरा जोड्या होतात, आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत पंधरा ठिकाणी नीट बसून पाहणे निदान मला जमलेले नाही. मी आज आठ, उद्या उरलेल्या सात, असे करतो. ज्यांच्याकडे पहिली ते चौथी एकत्र आहेत, त्यांनी हा मुद्दा माझ्यापेक्षा अधिक गंभीरपणे घ्यावा; त्यांच्यासाठी चौघांचा गट हीच सोय असू शकते.

काही कामांना तर मी आजही चौघेच बसवतो, किंवा खरे म्हणजे उभे करतो. व्हरांड्याची लांबी पावलांनी मोजायची असते तेव्हा एक चालतो, एक मोजतो, एक खडूने खूण करतो आणि एक लिहितो; तिथे चौथा हात खरोखर लागतो. दुकान-दुकान खेळताना दोघांत गिऱ्हाइकी होत नाही. पाने, बिया, खडे यांचे गट पाडताना समोरासमोर बसल्याने काही बिघडत नाही, कारण पिंपळाचे पान उलटे दिसले तरी पिंपळाचेच राहते. माझा हिशेब एवढाच झाला आहे, की ज्या कामात डावे-उजवे महत्त्वाचे, म्हणजे अंक, अक्षरे, शब्दपत्त्या आणि स्थानिक किंमत, तिथे शेजारची जोडी. बाकी ठिकाणी आपल्याला सोयीचे पडेल ते. आता पहिली-दुसरीच्या दिवसातला मोठा भाग अंक-अक्षरांनीच व्यापलेला असतो, हे ओघाने आलेच.

तयार पेट्या आणि संच यांबद्दल विचारले जाते म्हणून एक वाक्य. २०२३ मध्ये तीन ते आठ वयोगटासाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळ-साहित्याचा सरकारी संच आला, त्याआधी आणि नंतरही शाळांत गणिताच्या पेट्या येत राहिल्या, त्यातले ठोकळे-मणी चांगलेच आहेत, पण पेटी उघडल्यावर मुलांनी तिच्या कोणत्या बाजूला बसायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते.

एक गैरसोय अशी आहे, जिचा उल्लेख कुठे होत नाही. जोड्या करून बसवलेला वर्ग लांबून जुन्या पद्धतीच्या रांगांसारखा दिसतो. एकदा भेटीला आलेले एक अधिकारी दारातूनच म्हणाले, “गटकार्य दिसत नाही, गुरुजी.” मी त्यांना विनंती केली की कोणत्याही एका जोडीशेजारी बसावे. ते बसले. एका मुलाने गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि रबर चढवायचे सोडून त्यांच्याकडे पाहत राहिला, कारण जोडीतला धरणारा गप्प बसतो हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या जोडीदाराचे तोंड सतत चालू असे. भेटीच्या नोंदवहीत पुढे काय लिहिले गेले ते मी सांगत नाही, पण गोल पुन्हा करा असे कोणी म्हटले नाही.

जोड्या करून पाहायच्या असतील तर रबरांची सोय आधी करावी. बाजारचे रबरबँड उन्हाळ्यात चिकटून तुटतात आणि बारा जोड्यांना शंभराहून अधिक लागतात. सायकलच्या दुकानातून बाद झालेली ट्यूब आणून कात्रीने बोटाच्या निम्म्या रुंदीच्या चकत्या कापाव्यात. एका ट्यूबमध्ये वर्गाचे वर्षभराचे काम होते. ट्यूबच्या आत पांढरी भुकटी असते, म्हणून चकत्या एकदा धुऊन वाळवाव्या लागतात. खराट्याच्या दहा काड्यांवर ही चकती सैल बसते, तिला एक पीळ देऊन दुहेरी चढवावी लागते, आणि तो पीळ द्यायला दोन्ही हात गुंतत असल्याने काड्या धरायला शेजारच्यालाच बोलवावे लागते.