खंजेरीच्या ठेक्यावर समया: ब्लेंडरचा आठ महिन्यांचा अनुभव

खंजेरीवर थाप पडली की पडद्यावरच्या समया उजळाव्यात, एवढंच मला हवं होतं. आमचं गाव चिमूर तालुक्यातलं. इथं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजेरीशिवाय होतच नाहीत. मंडळाच्या व्हिडिओंसाठी मी पोळ्यापासून ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर वापरतोय. ते फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. आमच्याकडे ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

एका ‘एम्प्टी’ला (व्हिडिओत न दिसणारी रिकामी वस्तू) कीफ्रेम द्यायची, म्हणजे एका फ्रेमवर तिचा एखादा आकडा नोंदवायचा, ग्राफ एडिटरमध्ये त्या आकड्याचा चॅनल निवडून ‘साउंड टू सॅम्पल्स’ला ऑडिओ फाइल द्यायची, की आवाजाचा आलेख तयार होतो. आलेखाची किंमत साधारण 0 ते 1 च्या आतच राहते आणि तेवढ्या वॅटमध्ये समई दिसतही नाही. म्हणून समईच्या दिव्याला ड्रायव्हर (एका आकड्यावरून दुसरा चालवणारी जोडणी) लावून ती 200 ने गुणतो.

पहिला व्हिडिओ पाहून आमचे खंजेरीवाले काका म्हणाले, “बाबू, हे दिवे बुवाच्या मांगं काहून पयतात? ठेक्याच्या मांगं पयाले पायजे ना!”

बरोबरच होतं. पूर्ण आवाज घेतला की गळाच भारी पडतो. मग आलेखासाठी घ्यायच्या आवाजाची खालची मर्यादा 6000 हर्ट्झ केली, म्हणजे खंजेरीच्या झांजांची छनछन तेवढी उरेल. तरी बुवांनी ‘स’, ‘श’ म्हटलं की समया भपकन पेटायच्या. आठवडाभर आकडे बदलत बसलो. शेवटी उपाय मिळाला तो सॉफ्टवेअरच्या बाहेर: खंजेरीजवळ दुसरा फोन ठेवून वेगळं रेकॉर्डिंग केलं, आणि आलेख फक्त त्यावरून काढला.

‘रिलीज’कडेही लक्ष द्या, म्हणजे थाप संपल्यावर आलेख किती झटकन खाली येतो त्याकडे. आपसूक येणारा आकडा 0.2 सेकंद, म्हणजे 25 च्या फ्रेमरेटला 5 फ्रेम. लय चढली की समई विझायच्या आत पुढची थाप पडते. मी 0.08 ठेवतो.

एकदा आलेख काढल्यावर मी फ्रेमरेट 25 चा 30 केला. आलेख फ्रेमला बांधलेला असतो, त्यामुळे मिनिटाभराच्या भजनात दिवे 10 सेकंद पुढे निघून गेले. रात्रभर चाललेलं रेंडर, म्हणजे फ्रेममागून फ्रेम व्हिडिओ तयार करणं, वाया गेलं. फ्रेमरेट आधी ठरवा. आणि ताळमेळ तपासताना प्लेबॅक ऑडिओशी सिंक करा, नाहीतर चित्र रखडतं आणि बरोबर असलेलंही चुकीचं वाटतं.

परवा नवीन व्हिडिओ काकांना आवाज बंद करून दाखवला. थोडा वेळ समयांकडे पाहत राहिले, मग मांडीवर हात गेला आणि ठेका धरला. एकही थाप चुकली नाही.