फ्रायबुर्गमध्ये भाड्याऐवजी मदत: दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

जर्मनीत ‘वोनेन फ्यूर हिल्फे’ नावाची एक सोय आहे. एखाद्या वयस्कर माणसाच्या किंवा लहान मुलं असलेल्या कुटुंबाच्या घरात विद्यार्थ्याला खोली मिळते आणि भाड्याऐवजी कामात हातभार लावायचा असतो. ढोबळ नियम असा, की खोलीच्या दर चौरस मीटरमागे महिन्याला एक तास. माझी खोली 16 चौरस मीटरची, म्हणून महिन्याला 16 तास. वीज-पाणी-हीटिंगचे पैसे वेगळे. आजारपणातली शुश्रूषा यात येत नाही. कोलोन, म्युनिक, फ्रायबुर्ग अशा शहरांत विद्यार्थी आणि घरमालकांची गाठ घालून दिली जाते.

पैशाचा फायदा उघड आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला हातात येतात 992. त्यातला मोठा वाटा एरवी भाडंच खातं. दुसरा फायदा इथे आल्यावर कळला. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. पोटभाड्याने खोली देणारे बरेचजण तो द्यायला काचकूच करतात. मी ज्यांच्या घरी राहते त्या आजींनी (वय ऐंशीच्या पुढे) पहिल्याच दिवशी सही करून ठेवली होती. शिवाय महिन्याची 18.36 युरोची रेडिओ-टीव्ही फी दर घरामागे एकच असते. ती त्या भरतातच.

आता कामं. किराणा, बाग, कचरा, औषधं आणणं. कचऱ्याला हसू नका. कागद, ओला, पिवळी पिशवी (प्लास्टिक-पॅकिंगची), उरलेला असे चार ढीग, आणि काच तर पांढरी, तपकिरी, हिरवी अशी वेगळी करून कोपऱ्यावरच्या टाकीत टाकायची. तीही रविवारी नाही, आवाज होतो म्हणून. रविवारी व्हॅक्युमसुद्धा लावायचा नाही. हिवाळ्यात रोज खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. हे सगळं आजींनी पहिल्या आठवड्यात हात धरून शिकवलं.

जेवणाचं मात्र जमवून घ्यावं लागलं. त्यांचं गरम जेवण दुपारी. संध्याकाळी पाव, चीज, काकडीचं लोणचं, की झालं. मला रात्री वरणभात लागतो. फोडणीवर लगेच झाकण, स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी आणि हिंग दोन डब्यांच्या आत, एवढ्यावर तह झाला. आजींना मेथी आवडत नाही, साबुदाण्याची खिचडी मात्र मागून खातात. पहिले काही आठवडे मी त्यांना आडनावानेच हाक मारायचे. मग एका संध्याकाळी त्यांनीच वाइनचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, आता नावाने हाक मार.

त्रास झाला तो तासांच्या हिशेबाचा. आपल्याला सवय असते, वडीलधारं माणूस काही म्हणालं की उठायचं, ‘किती वेळ झाला’ असं विचारायचं नाही. आजी तशा काटेकोर, पण दुसऱ्या गावाहून येणारा त्यांचा मुलगा प्रत्येक भेटीत एखादं काम वाढवून जायचा. परीक्षेच्या महिन्यात हे फार जड गेलं. शेवटी फ्रिजवर एक कागद लावला: तारीख, काम, तास. मला वाटलं होतं आजींना राग येईल. त्या खूश झाल्या, चष्मा लावून स्वतःच्या हाताने बेरीज करायला लागल्या. सोबत चहा घेणं त्या यादीत येत नाही हेही तेव्हाच ठरलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर चहाला बसणं जास्त मोकळं झालं. घरचेच आहोत म्हणून मोजायचं नाही, हा आपला शिरस्ता इथे कामाचा नाही.

ही सोय कोणी घेऊ नये? ज्यांना रात्री उशिरापर्यंत मित्र घरी लागतात किंवा ज्यांची लॅब सुटायची वेळ ठरलेली नसते, त्यांनी वसतिगृहच बघावं. रात्री दहानंतर घरात शांतता म्हणजे शांतताच. ज्यांना जर्मन बोलायला शिकायचंय त्यांनी मात्र ती डोळे मिटून घ्यावी. क्लासमधलं जर्मन आणि आजींचं इथल्या बाडन भागातलं बोलीतलं जर्मन यांचा संबंध जोडायलाच मला एक सेमिस्टर लागलं.

पुढचं वर्षही मी इथेच राहणार आहे. फक्त पहाटे फुटपाथवरचा बर्फ काढायचे तास वेगळे धरायचे, एवढं या वेळी करारात लिहून घेतलंय.