एचआयडी किट, रिले की बाय-झेनॉन प्रोजेक्टर? एच४ हेडलाइटवाल्यांसाठी

जुन्या स्विफ्ट किंवा वॅगनआरचा रात्रीचा फोकस पुरत नाही म्हणून चौकशी सुरू केली की तीन सल्ले मिळतात. अ‍ॅक्सेसरीवाला म्हणतो, एचआयडी किट टाका, म्हणजे मूळ बल्बच्या जागी झेनॉन बल्ब, लगेच काम. वायरमन म्हणतो, रिले टाकून घ्या, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जो बॅटरीचा करंट थेट बल्बला जोडतो. आणि गाड्यांचा नाद असलेला मित्र म्हणतो, हेडलाइट उघड आणि आत बाय-झेनॉन प्रोजेक्टर बसव, म्हणजे झेनॉन बल्बसाठीच बनवलेला भिंगवाला दिवा. पहिला सल्ला मी इथेच बाद करतो. खरी निवड उरलेल्या दोहोंत आहे.

एच४ म्हणजे या गाड्यांतला मूळ हॅलोजन बल्ब. त्यात दोन फिलामेंट असतात, एक डिप्परचं आणि एक अप्परचं. डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. रिफ्लेक्टरचा घाट त्या फिलामेंटची जागा धरूनच बेतलेला असतो. झेनॉनमध्ये फिलामेंटच नाही. दोन टोकांमध्ये विजेची कमान पेटते, तिचा आकार वेगळा आणि तेजाची वाटणीही वेगळी. किटच्या खोक्यावरचा तिप्पट उजेडाचा दावा अगदीच खोटा नसतो: एच४चा डिप्पर ५५ वॅटमध्ये साधारण १००० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो, तर डी२एस प्रकारचा झेनॉन बल्ब ३५ वॅटमध्ये ३२००. पण तो उजेड जाईल कुठे, हे किट ठरवत नाही, रिफ्लेक्टर ठरवतो. समोरच्याचे डोळे दिपतात हे सगळे जाणतात. तुमचंही नुकसान होतं, ते मात्र लक्षात येत नाही. बॉनेटपुढचा रस्ता लख्ख झाला की बाहुल्या आकुंचन पावतात आणि लांबचा खड्डा आधीपेक्षा उशिरा दिसतो. चालवणाऱ्याला मात्र फोकस झकास झाल्यासारखं वाटत राहतं.

आता रिले. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बारीक वायरींतून, स्विचमधून फिरून बल्बपर्यंत येतो आणि वाटेत व्होल्टेज पडतं. हॅलोजनचं गणित इथे फार निष्ठुर आहे: व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. बॅटरीपासून फ्यूज घालून थेट जाड वायर, दोन रिले, चांगली अर्थिंग आणि ओसराम किंवा फिलिप्सचे ६०/५५ वॅटचे (अप्पर/डिप्पर) बल्ब, एवढ्यावर गाडीचा मूळ फोकस परत मिळतो. १००/९० वॅटच्या वाटेला जाऊ नका, होल्डर आणि रिफ्लेक्टर दोन्ही भाजतात. आणि त्याआधी हेडलाइटची काच बघा. ती पॉलिकार्बोनेटची असते, उन्हाने पिवळी पडते, आणि पिवळ्या काचेमागे काहीही लावलं तरी पैसे वाया.

शहरात चालवणाऱ्याला आणि महिन्यातून एखादवेळी हायवेला जाणाऱ्याला एवढं पुरतं. पण आंबा किंवा आंबोली घाटातून रात्रीची ये-जा नेहमीची असेल, तर प्रोजेक्टरचा खर्च समजू शकतो. त्यात उजेडाच्या वाटेत एक पडदा असतो, त्याची धार रस्त्यावर स्पष्ट रेघ होऊन उमटते. रेघेखाली लख्ख, वर काळोख. धुक्यात याचा उपयोग असा, की वर उडणारा उजेड कमी, त्यामुळे समोर पांढरी भिंत कमी. अप्पर मारला की सोलेनॉइड, म्हणजे छोटा विद्युतचुंबक, तो पडदा खाली ओढतो. एकाच बल्बवर डिप्पर आणि अप्पर दोन्ही. ‘बाय’ म्हणजे एवढंच.

खरेदीत माणसं फसतात ती या रेघेपाशी. रेघेला एक पायरी असते. आपण डावीकडून चालवतो, म्हणून ती डावीकडे चढलेली हवी. युरोप-अमेरिकेच्या बाजारासाठीचा प्रोजेक्टर घेतला तर ती उजवीकडे चढते, म्हणजे नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. जुना माल घ्यायचा तर जपान किंवा ब्रिटनमधल्या गाडीतून निघालेला बघा, आणि प्रोजेक्टरच्या आतला वाटीसारखा रिफ्लेक्टर जळून काळवंडलेला नाही ना, तेही तपासा. बल्ब ४३०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा घ्या. ६०००-८००० केल्व्हिनचा निळसर रंग दुकानात छान दिसतो, पण तेवढ्याच वॅटमध्ये उजेड कमी देतो.

बसवण्याचं काम कारागिरावर अवलंबून आहे. हेडलाइट गरम करून सील मऊ करायचा, काच काढायची, प्रोजेक्टर सरळ बसवायचा आणि पुन्हा सील करायचं. शेवटची पायरी घाईत उरकली की पहिल्याच पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरतं. कोकणात तर धरणारच. बॅलास्ट, म्हणजे झेनॉन बल्बला वीज पुरवणारा डबा, बल्ब पेटवताना २० हजारांहून जास्त व्होल्ट सोडतो, त्यामुळे ओली जागा नको आणि उघडी वायर तर मुळीच नको. पेटल्यावर पूर्ण तेज यायला काही सेकंद लागतात, म्हणून डिप्पर बंद असताना नुसता पास मारायला, म्हणजे क्षणभर अप्पर चमकवायला, झेनॉन कामाचा नाही. ही अडचण नको असेल तर बाय-एलईडी प्रोजेक्टर बघा, तो तत्काळ पेटतो आणि बॅलास्टची कटकट नाही. आज नव्याने करायचं तर मी तोच आधी बघेन.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. युरोपीय नियमांत २००० ल्युमेनपेक्षा जास्त उजेडाच्या डिप्परला काच धुणारी यंत्रणा आणि आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा लागते. घरगुती बदलात यातलं काहीच नसतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली, परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आरटीओत विचारूनच हात घाला. वॉरंटी आणि विम्याच्या अटीही वाचा.

दोन्हींपैकी काहीही केलंत तरी फोकस लावून घ्या. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणवा. डिप्परची रेघ त्याखाली साधारण १० सेंटीमीटर यायला हवी. टायरची हवा नीट हवी, आणि मागे नेहमी सामान असेल तर ते ठेवूनच लावा.